वस्तीतल्या पोरांसाठी खेळ शोधणाऱ्या या बाईंमुळे हॉलिवूडला कॉमेडीचे बादशहा मिळाले

द ऑफिस या सिरीजमधल्या मायकल स्कॉटचे मीम्स तुम्ही एकदा तरी फॉरवर्ड केले असतील. तो वेंधळा बॉस रंगवणारा स्टीव्ह करेल, अमेरिकेतल्या रात्रीच्या शोमध्ये राजकारण्यांची फिरकी घेणारा स्टीफन कोल्बेर, मीन गर्ल्स लिहिणारी टीना फे आणि घोस्टबस्टर्सवाला बिल मरे.

या चौघांत कॉमन काय आहे?

तर हे चौघेही शिकागोतल्या सेकंड सिटी नावाच्या एकाच थिएटरमधून पुढे आले. हे थिएटर ओळखलं जातं ते इम्प्रोव्हसाठी. इम्प्रोव्ह म्हणजे हातात संहिता नाही, पाठांतर नाही. समोरच्याने काहीतरी करायचं, त्यावर आपल्याला जे सुचेल ते आपण करायचं आणि त्यातून प्रसंग उभा राहायचा.

आता गंमत बघा. या सगळ्याचा पाया ज्या बाईंनी घातला त्या कॉमेडियन नव्हत्या. लोकांना हसवणं हा त्यांचा उद्देशही नव्हता. त्यांना एक साधा प्रश्न पडला होता. गल्लीत मनसोक्त खेळणारं पोर चार लोकांसमोर उभं केलं की लाकडासारखं ताठ का होतं? आणि त्याचा तो ताठपणा घालवायचा कसा?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात त्यांची जवळपास सगळी हयात गेली. त्या बाईंचं नाव व्हायोला स्पोलिन.

घरातली डंब शराज आणि बॉयडबाईंची शाळा

व्हायोलाचा जन्म ७ नोव्हेंबर १९०६ चा, शिकागोचा. घरचे लोक रशियातून अमेरिकेत आलेले ज्यू. घरी माणसांचा राबता असायचा. सगळे जमले की गाणी व्हायची आणि डंब शराज रंगायचं. शब्द न बोलता हातवारे करून ओळखायला लावायचा तो खेळ आपल्याकडेही लग्नघरात किंवा पिकनिकला खेळतातच. तर खेळताना मोठी माणसंही लहान होतात, हे व्हायोलाने घरातच पाहिलं होतं.

पुढे तिला समाजकार्यात पडायचं होतं आणि त्यासाठी शिकागोत एक उत्तम जागा होती. हल हाऊस.

१८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी हे केंद्र सुरू केलं होतं. आजूबाजूला इटली, ग्रीस, पोलंड, रशिया, मेक्सिको अशा नाना देशांतून पोट भरायला आलेल्या कामगारांची वस्ती. त्यांच्यासाठी हल हाऊसमध्ये पाळणाघर होतं, रात्रीचे वर्ग होते, वाचनालय होतं, नाटक होतं. याच जेन ॲडम्सना पुढे १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं.

तिथेच नीवा बॉयड नावाच्या शिक्षिका होत्या. बालवाडीच्या शिक्षिका म्हणून सुरुवात केलेल्या बॉयडबाईंनी देशोदेशीचे पारंपरिक खेळ आणि लोकनृत्यं गोळा केली होती. लोकांना खेळ कसे घ्यायचे, हे शिकवायची शाळाच त्यांनी काढली होती.

आता खेळ घेणं यात शिकवण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटेल. पण बॉयडबाईंचं म्हणणं वेगळं होतं. खेळात पोरं नियम पाळतात ते कुणी डोळे वटारले म्हणून नाही. नियम मोडला तर मजाच जाईल, हे त्यांना कळतं म्हणून. लाजरं पोर असो की भांडखोर, खेळ रंगला की ते स्वतःला विसरतं. एरवी जे शंभर वेळा सांगून होत नाही, ते खेळता खेळता होऊन जातं.

१९२४ ते १९२७ अशी ३ वर्षं व्हायोला बॉयडबाईंच्या हाताखाली शिकली. १९२७ मध्येच तिला मुलगा झाला. त्याचं नाव पॉल. हे नाव लक्षात ठेवा, कारण गोष्टीच्या पुढच्या भागात तो महत्त्वाचा आहे.

मंदी आली आणि व्हायोला बाई झाली

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या दर ४ माणसांमागे जवळपास १ माणूस बेकार होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांच्या हाताला काम देण्यासाठी १९३५ साली एक मोठी सरकारी योजना सुरू केली. आपल्या रोजगार हमीसारखीच म्हणा ना. या योजनेतून रस्ते आणि पूल तर झालेच, पण चित्रकार, लेखक, नाटकवाले यांनाही काम मिळालं.

१९३९ मध्ये व्हायोलाला याच योजनेच्या शिकागोतल्या करमणूक विभागात नाट्य पर्यवेक्षकाचं काम मिळालं. १९४१ पर्यंत तिने ते केलं. आणि इथून पुढे तिला आपण व्हायोलाबाई म्हणूया, कारण शाळेत आपण ज्यांना बाई म्हणायचो तशाच त्या होत्या.

काम होतं वस्तीतल्या मुलांना आणि मोठ्यांना नाटक शिकवण्याचं. अडचण अशी की समोर बसलेल्यांची भाषा एक नाही, चालीरीती एक नाहीत, शिक्षणाचा तर पत्ताच नाही. त्यांना अभिनयावर भाषण दिलं तर कोण ऐकणार? मोकळं व्हा असं सांगितलं की माणूस आणखी आखडतो. मोठ्याने बोल म्हटलं की पोर तेवढं एक वाक्य ओरडतं आणि पुन्हा पुटपुटायला लागतं.

मग व्हायोलाबाईंना बॉयडबाईंची शिकवण आठवली. सूचना द्यायची नाही, खेळ द्यायचा.

पोरं एकमेकांपासून दहा हात लांब उभी राहून वाक्यं म्हणतायत? मग खेळ असा, की प्रत्येक नव्या वाक्याला समोरच्याला कुठेतरी स्पर्श करायचाच. खांद्यावर हात ठेवा, बाही ओढा, टाळी द्या, पण एकदा केलेलं पुन्हा चालणार नाही. आता पोरांचं डोकं कशात गुंतलं? पुढचा स्पर्श कसा करायचा यात. आणि त्या नादात वाक्य आपोआप समोरच्याला उद्देशून बोललं जायचं.

भाषेचा प्रश्न आहे? मग कुठलीच भाषा वापरायची नाही. तोंडाला येईल ते अर्थ नसलेलं बोलायचं आणि तरी समोरच्याला काय हवंय ते कळलं पाहिजे. या खेळाला जिबरिश म्हणतात. यात भाषा पक्की येणारा आणि कालच बोटीतून उतरलेला, दोघंही सारखेच.

पुढे मुलाखतींमध्ये त्या सांगायच्या की हे खेळ त्यांनी घरी बसून कल्पनेने रचले नाहीत. तालमीत अडचण आली की तिच्यावर एक खेळ तयार व्हायचा. दुसरी अडचण आली की दुसरा. असं करता करता त्यांच्याकडे खेळांचा एक मोठा साठाच झाला.

लोक काय म्हणतील, हा खरा आजार

व्हायोलाबाईंचा सगळ्यात गाजलेला प्रयोग तर अगदीच साधा आहे. त्याचं नाव एक्स्पोजर.

वर्गाचे दोन भाग करायचे. अर्ध्यांनी स्टेजवर एका ओळीत उभं राहायचं, अर्ध्यांनी समोर बसायचं. करायचं काय? काहीच नाही. फक्त एकमेकांकडे बघायचं.

काय होतं माहितीये? अर्ध्या मिनिटात स्टेजवरचे चुळबुळ करायला लागतात. कुणी खिदळतं, कुणी केसांवरून हात फिरवतं, कुणी या पायावरून त्या पायावर भार देतं. हातांचं काय करायचं तेच कळत नाही. ग्रुप फोटोसाठी उभं असताना फोटोवाल्याने क्लिक करायला वेळ लावला की आपलं होतं तसंच.

आता शिक्षक त्यांना एक काम देतात. समोरच्या खुर्च्या मोजा. किंवा पायाखालच्या फळ्या मोजा. मोजत राहा, मी थांबवेपर्यंत.

आणि एकदम चित्र बदलतं. खांदे खाली येतात, चेहरा सैल होतो, हात आपोआप जागेवर पडतात. माणसं तीच, स्टेज तेच, बघणारेही तेच. फरक एवढाच की मघाशी लक्ष स्वतःकडे होतं, आता ते खुर्च्यांकडे आहे.

व्हायोलाबाईंच्या सगळ्या कामाचं सार यात आलं. माणसाला भीती सोड म्हणून सांगून भीती जात नाही. त्याच्या मनाला एक छोटं, खरंखुरं काम द्या, भीतीला तिथे जागाच उरत नाही. या कामाला त्या फोकस म्हणायच्या. त्यांच्या प्रत्येक खेळात असा एकच फोकस असतो.

त्यांच्या मते माणसाचा खेळकरपणा मारणारी गोष्ट एकच. शाबासकीची हाव आणि बोलणी खायची धास्ती. लहानपणापासून आई-वडील, शिक्षक, साहेब हे सगळे आपल्याला शहाणा किंवा वेडा ठरवत असतात. हळूहळू आपण प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर लोक काय म्हणतील.

यात शिव्या जितक्या वाईट तितकीच शाबासकीही वाईट, असं त्यांचं मत होतं. कारण वाहवा मिळाली की पोर पुढच्या वेळी तीच वाहवा मिळवायला धडपडतं. मग खेळ राहतो बाजूला.

म्हणून त्यांच्या वर्गात खेळ झाल्यावर छान किंवा वाईट असा शेरा नसायचा. बघणाऱ्यांना विचारलं जायचं ते असं, की दोरी दिसली का? खोलीत टेबल कुठे होतं ते कळलं का? फोकस टिकला का? बस्स. शिक्षकाने खेळ मध्येच थांबवून चुका काढायच्या नाहीत. क्रिकेटमध्ये विकेटकीपर मागून बोलत असतो ना, तसं बाजूला उभं राहून एखादा शब्द टाकायचा. त्या दोरीचं वजन बघ, समोरच्याला बघ, इतकंच. याला त्यांनी साइड कोचिंग असं नाव दिलं.

आणि अंतःप्रेरणा? विचार करायच्या आधीच आतून जे सुचतं ते. ती काही मोजक्या कलाकारांनाच मिळालेली देणगी आहे, हे व्हायोलाबाईंना मान्य नव्हतं. अंगावर चेंडू आला की आपला हात आपोआप वर जातो. तिथे आपण लोकांचा विचार करत नाही. ती सूझ प्रत्येकात असते, फक्त भीतीखाली दबलेली असते. खेळ त्या क्षणापुरती भीती बाजूला करतो, एवढंच.

मुलाने आईचे खेळ उचलले

१९४६ साली व्हायोलाबाई हॉलिवूडला गेल्या आणि तिथे त्यांनी यंग ॲक्टर्स कंपनी काढली. ६ वर्षांपासूनची मुलं तिथे यायची आणि या खेळांतूनच नाटक शिकायची. ही कंपनी १९५५ पर्यंत चालली.

इकडे शिकागोत पॉल मोठा झाला होता. आईच्या खेळांतच वाढलेल्या या पोराला नाटकाचं वेड लागणार हे ठरलेलंच होतं. १९५५ मध्ये पॉल सिल्स आणि त्याचा मित्र डेव्हिड शेफर्ड यांनी शिकागो विद्यापीठाच्या परिसरातल्या एका बारमध्ये कंपास प्लेयर्स नावाचा ग्रुप सुरू केला. आयत्या वेळी सुचेल त्यातून प्रसंग उभे करणारा हा अमेरिकेतला पहिला व्यावसायिक ग्रुप मानला जातो.

त्या कलाकारांच्या तालमी घ्यायला पॉलने कुणाला बोलावलं? आईला.

वस्तीतल्या पोरांसाठी बनलेले खेळ आता विद्यापीठात शिकलेली तरुण पोरं खेळायला लागली. त्यांच्यात माइक निकोल्स आणि इलेन मे ही जोडी होती. हेच निकोल्स पुढे द ग्रॅज्युएट या सिनेमासाठी ऑस्कर घेऊन गेले.

मग १६ डिसेंबर १९५९ ला पॉल सिल्स, हॉवर्ड आल्क आणि बर्नी साहलिन्स यांनी सेकंड सिटी सुरू केलं. जागा कुठली, तर आधी जिथे एका चिनी माणसाची लाँड्री होती ती. नावही गमतीशीर. न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने आपल्या लेखात शिकागोला दुय्यम शहर म्हणून हिणवलं होतं, या पोरांनी तोच टोमणा उचलून बोर्डावर लावला.

व्हायोलाबाईंनी १९६० ते १९६५ या काळात सेकंड सिटीच्या कलाकारांच्या कार्यशाळा घेतल्या. थिएटर तुफान चाललं. पुढे १९७५ मध्ये सॅटरडे नाइट लाइव्ह हा टीव्ही शो सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच तुकडीत जॉन बेलुशी, डॅन आक्रॉइड, गिल्डा रॅडनर ही सेकंड सिटीत तयार झालेली मंडळी होती.

पण इथे एक मेख आहे.

तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला हसू हवं असतं. मग स्टेजवरचा माणूस जोक शोधायला लागतो. समोरचा काय करतोय ते बघण्याऐवजी आपली पुढची लाइन डोक्यात जुळवायला लागतो. व्हायोलाबाईंच्या दृष्टीने हे इम्प्रोव्ह नव्हेच. हजरजबाबीपणा वेगळा आणि उत्स्फूर्तता वेगळी, असं त्या मानायच्या. हजरजबाबी माणूस एकटा जिंकतो. खेळात मात्र दोघांच्या मध्ये असं काहीतरी तयार होतं जे दोघांनाही आधी माहीत नव्हतं. टाळ्यांसाठी खेळणं म्हणजे पुन्हा त्याच जुन्या आजाराकडे जाणं, लोक काय म्हणतील.

पुस्तक आलं आणि एक थिएटर बंद पडलं

१९६३ मध्ये त्यांचं इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर हे पुस्तक आलं. त्यात २०० हून जास्त खेळ आहेत. प्रत्येक खेळ कसा खेळायचा, फोकस काय, साइड कोचिंग काय करायचं, हे एखाद्या पाककृतीच्या पुस्तकासारखं नीट मांडलेलं. आजही जगभरातले नाट्यशिक्षक हे पुस्तक वापरतात. हूज लाइन इज इट एनीवेसारखे टीव्ही शो तुम्ही पाहिले असतील, तर त्यातल्या बऱ्याच खेळांची मुळं इथवर येतात.

साठीच्या उंबरठ्यावर, नाव झालेलं, पुस्तक गाजलेलं. दुसरं कुणी असतं तर निवांत बसलं असतं. व्हायोलाबाईंनी काय केलं?

१९६५ साली त्यांनी पॉल आणि इतरांबरोबर शिकागोत गेम थिएटर काढलं. कल्पना भन्नाट होती. इथे प्रेक्षक बसून बघणार नाहीत, उठून स्वतः खेळणार. म्हणजे बघणारे आणि करणारे ही भिंतच पाडायची. बघून शेरा मारणारं कुणी उरलंच नाही, तर घाबरायचं कुणाला?

थिएटर काही महिन्यांत बंद पडलं. तिकीट काढून आलेल्यांना स्वतः खेळण्यापेक्षा दुसऱ्याला बघणंच सोयीचं वाटलं असेल तर नवल नाही. पण नाटकात प्रेक्षकांना सामील करून घेण्याचा विचार मात्र मागे उरला.

त्याच सुमारास शिकागोच्या लिंकन पार्क भागातल्या काही कुटुंबांनी मिळून एक छोटी शाळा काढली होती. त्यातही पॉल आणि व्हायोलाबाई होत्या. इथे मुलं रोजच्या शिक्षणाचा भाग म्हणून हे खेळ खेळायची. म्हणजे हल हाऊसपासून निघालेली गाडी फिरून पुन्हा मुलांपाशीच आली.

पुढे १९७६ मध्ये त्यांनी हॉलिवूडमध्ये स्पोलिन थिएटर गेम सेंटर उभं केलं. १९७९ मध्ये ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये दिग्दर्शकांसाठी आणि १९८६ मध्ये खास शाळेतल्या शिक्षकांसाठी त्यांची पुस्तकं आली. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या आणि विषय अजूनही तोच होता, वर्गातलं पोर मोकळं कसं होईल.

२२ नोव्हेंबर १९९४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं.

सेकंड सिटीच्या कलाकारांची नावं जगाला पाठ आहेत, बाईंचं नाव नाटकवाल्यांच्या बाहेर फारसं पोहोचलं नाही.

हे सगळं आपल्या काय कामाचं?

आपल्याला कुठे स्टेजवर जायचंय? बरोबर आहे. पण हे खेळ मुळात स्टेजवर जाणाऱ्यांसाठी नव्हतेच. ते वस्तीतल्या साध्या माणसांसाठी होते. त्यामुळे ते घरातही चालतात. सामान काही लागत नाही. त्यांचे ५ खेळ सांगतो, आज रात्रीच्या जेवणानंतर करून बघा.

पहिला, आरसा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने सावकाश हालचाल करायची, दुसऱ्याने त्याचा आरसा व्हायचं. मिनिटाभराने अदलाबदल. आणि मग खरी गंमत. आता पुढारी कुणीच नाही, दोघांनीही एकमेकांचा आरसा व्हायचं. कोण सुरू करतंय ते कळेनासं होतं आणि तरी हात हलत राहतात. घरात अबोला असेल तर हा खेळ जरूर करा, शब्द लागत नाहीत.

दुसरा, तीन बदल. एकमेकांना नीट निरखायचं, मग पाठमोरं व्हायचं आणि स्वतःच्या दिसण्यात ३ बदल करायचे. घड्याळ दुसऱ्या हातात, कॉलरचं बटण उघडं, भांग उलटा. वळून समोरच्याचे बदल ओळखायचे. आपण रोज ज्यांच्यासोबत जेवतो त्यांच्याकडे किती दिवसांत नीट बघितलेलं नाही, हे पहिल्याच फेरीत कळतं.

तिसरा, हवेतला चेंडू. चेंडू नाही, पण आहे असं धरून एकमेकांकडे फेकायचा. मध्येच कुणीतरी सांगायचं, आता तो शंभर पट जड झालाय. मग पिसासारखा हलका. चेंडू असल्याचा अभिनय करायचा नाही, चेंडूवर नजर ठेवायची. लहान मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

चौथा, जिबरिश. अर्थ नसलेल्या भाषेत चहा मागा, पंखा लावायला सांगा, ऑफिसात आज काय झालं ते सांगा. हातवारे करून शब्द दाखवायचे नाहीत, बोलून पोहोचवायचं. आपण एरवी किती वेळा समोरच्याकडे न बघता बोलतो, ते यात लक्षात येतं.

पाचवा एकट्याचा. लोकलमध्ये, एसटीत किंवा इंटरव्ह्यूच्या आधी बाहेर बाकावर बसलेले असताना. पायांना मोजे कसे लागतायत ते जाणवू द्या. मग पायांना पॅन्ट, खांद्यांना शर्ट, मनगटाला घड्याळ. एकेक करत डोक्यापर्यंत जा. बाईंच्या वर्गात सुरुवातीला हाच खेळ व्हायचा. छातीत धडधड होत असेल तर समोरच्या खुर्च्या मोजा, तेही चालतं.

फक्त एक करा. यातला कुठलाही खेळ खेळताना मोबाइलवर शूट करू नका. रील चांगली होईल, यात शंका नाही. पण कॅमेरा सुरू झाला की ती एक्स्पोजरमधली अर्धी बाजू पुन्हा समोर येऊन बसते, आणि हातांचं काय करायचं ते पुन्हा कळेनासं होतं.